वास्तववादाची उसनी मोजपट्टी

युरोपची चित्रकला वास्तववादी आणि भारताची कला प्रतीकात्मक, हा सिद्धान्त आपल्याकडे इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, तो कोणी मांडला आणि कोणत्या पुराव्यावर मांडला, हे विचारण्याची आता कोणाला आवश्यकताही वाटत नाही. चित्रकलेच्या वर्गात तो शिकविला जातो, रविवारच्या पुरवण्यांतून तो उगाळला जातो आणि दहा दिवसांत आठ देश पाहून आलेला सुशिक्षित प्रवासी तोच सिद्धान्त आपल्या दिवाणखान्यात चार पाहुण्यांना ऐकवितो. ‘त्यांची चित्रे कशी, अगदी फोटोसारखी! आपल्याकडे मात्र चार हात आणि दहा तोंडे.’ या वाक्यातील कौतुक आणि त्यातील न्यूनगंड ही एकाच अज्ञानाची दोन अपत्ये आहेत. ज्या कलेचे हे कौतुक, ती या गृहस्थांनी पाहिलेलीच नसते. ते चित्रासमोर उभे राहिलेले असतात, इतकेच.

वस्तुतः ख्रिस्ती युरोपची सुमारे दीड हजार वर्षांची चित्रकला ही डोळ्यांना दिसणाऱ्या जगाची नक्कल करण्यासाठी जन्माला आलेली नाही. ती वाचण्यासाठी आहे. तिला वर्णमाला आहे, व्याकरण आहे, रूढ संकेत आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या फिरून फिरून येणारे ठरावीक विषय आहेत. मेरी आणि बालक, देवदूताचे आगमन, क्रूसावरील मृत्यू, अंतिम न्याय, मृत्यूची अटळता. हे विषय शेकडो चित्रकारांनी हजारो वेळा रंगविले. नावीन्य विषयात नव्हते. एखादे फूल, एखादे भांडे, एखादा पक्षी कोठे ठेवला, यात ते होते.

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची क्लॉयस्टर्स ही शाखा आहे. तेथे रोबेर कांपँ या फ्लेमिश चित्रकाराच्या कार्यशाळेत साधारण १४२७ ते १४३२ या काळात तयार झालेला तीन फळ्यांचा एक चित्रफलक आहे. मेरोद फलक या नावाने तो ओळखला जातो. मधल्या फळीवर कुमारी मेरी ग्रंथ वाचीत बसली आहे आणि देवदूत गॅब्रिएल तिला पुत्रजन्माची वार्ता देण्यास आला आहे. स्थळ पॅलेस्टाईन नव्हे. पंधराव्या शतकातील एका सुखवस्तू फ्लेमिश व्यापाऱ्याचे ते घर आहे. बाक, टेबल, शेगडीची जागा, भिंतीवर लटकणारे तांब्याचे जलपात्र, शेजारी पुसण्याचे वस्त्र. ‘किती घरगुती, किती वास्तव!’ असे म्हणून आपला प्रवासी पुढे सरकतो. परंतु टेबलावरील सुरईत लिलीचे फूल आहे, ते मेरीच्या कौमार्याचे चिन्ह. ते जलपात्र आणि ते स्वच्छ वस्त्रही पावित्र्याचीच खूण आहे. खिडकीतून येणाऱ्या किरणांवरून अंगठ्याएवढे एक बालक खांद्यावर क्रूस घेऊन खाली उतरते आहे. काच न फोडता प्रकाश आत यावा, तसा हा गर्भसंभव, हा त्याचा आशय. टेबलावरील मेणबत्ती नुकतीच विझली असून तिचा धूर अजून वर जातो आहे. तिच्या अर्थाविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

खरी मौज उजव्या फळीवर आहे. तेथे योसेफ सुतारकामात मग्न आहे. बायबलातील या प्रसंगात योसेफ उपस्थित नाही. मग तो येथे काय करतो? त्याच्या कामाच्या फळीवर एक उंदराचा सापळा आहे आणि दुसरा खिडकीच्या बाहेरच्या पट्टीवर विक्रीसाठी मांडावा तसा ठेवला आहे. शेकडो लोकांनी हे सापळे पाहिले आणि सुताराच्या दुकानातील सामान म्हणून सोडून दिले. १९४५ मध्ये मायर शापिरो या अभ्यासकाने त्यांचा उलगडा केला. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टीनने आपल्या प्रवचनांत क्रूसाला सैतानासाठी लावलेल्या उंदराच्या सापळ्याची उपमा दिली होती. ख्रिस्ताचा मृत्यू हे आमिष; ते गिळावयास गेलेला सैतानच पकडला गेला. म्हणजे एका खोलीत देव मानवी देह धारण करीत आहे आणि शेजारच्या खोलीत त्याचा पालक पिता, स्वतःस ठाऊक नसताना, सैतानासाठी सापळे तयार करीत आहे. एवढे तत्त्वज्ञान ज्या लाकडी सापळ्यात भरले आहे, त्या चित्राला ‘फोटोसारखे’ म्हणणे म्हणजे पोथीचे कौतुक तिच्या रुमालाच्या रंगावरून करण्यासारखे आहे.

पक्ष्यांचेही तसेच. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात राफाएलचे मेरी आणि दोन बालकांचे प्रसिद्ध चित्र आहे, साधारण १५०५-०६ मधले. छोटा योहान बाल येशूपुढे एक चिमुकला गोल्डफिंच पक्षी धरतो आहे. मुलांचा खेळ, असे वाटते. परंतु हा पक्षी काटेरी झुडपांत राहणारा, काटेरी बोंडांतील बिया खाणारा. काटेरी मुकुटातील काटा उपटताना ख्रिस्ताच्या रक्ताचा थेंब त्याच्या तोंडावर उडाला आणि तो लाल ठिपका कायम राहिला, अशी लोककथा होती. म्हणजे त्या खेळणाऱ्या बालकासमोर त्याचा स्वतःचा मृत्यू धरला आहे आणि आई ते पाहते आहे. हर्बर्ट फ्रिडमन या पक्षितज्ज्ञाने १९४६ मध्ये या एका पक्ष्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि हा पक्षी असलेली जवळपास ५०० धार्मिक चित्रे नोंदविली. पाचशे वेळा एकच पक्षी! हा निसर्गाचा अभ्यास म्हणावा, की मंत्रासारखी पुनरुक्ती?

आता ‘वास्तव’ या शब्दाचाच हिशेब करू. फ्रान्सच्या कोल्मार नगरीतील उंटरलिंडेन संग्रहालयात ग्रूनेवाल्टने १५१२ ते १५१६ या काळात रंगविलेला इझेनहाइमचा फलक आहे. क्रूसावरील ख्रिस्ताचे शरीर व्रणांनी भरलेले, बोटे वेदनेने वाकलेली, कातडी हिरवट. इतके विदारक चित्र युरोपातही क्वचितच आढळेल. हा फलक एका रुग्णालयासाठी होता. तेथील अँटोनाइन साधू, राय धान्यावरील बुरशीमुळे होणाऱ्या आणि अवयव सडविणाऱ्या रोगाच्या पीडितांची शुश्रूषा करीत. त्या रुग्णांना आपले दुःख देवाच्या शरीरावर दिसावे, हा हेतू. आणि या ‘वास्तव’ चित्रात क्रूसाच्या उजव्या हाताला बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहून लांबसडक बोटाने ख्रिस्ताकडे निर्देश करतो आहे. बायबलाप्रमाणे ख्रिस्ताच्या मृत्यूपूर्वीच योहानाचा शिरच्छेद झाला होता! त्याच्या पायाशी एक कोकरू क्रूस घेऊन उभे आहे आणि त्याच्या छातीतील रक्त पेल्यात पडते आहे. समोर गुडघे टेकून आक्रोश करणारी मग्दालिया इतरांच्या मानाने लहान काढली आहे आणि ख्रिस्त सर्वांहून मोठा. महत्त्वाप्रमाणे आकार, हा नियम आपल्या शिल्पकारांना नवा नाही. मेलेला मनुष्य बोलतो, कोकरू यज्ञ करते, देवाची उंची माणसाहून अधिक असते. आणि तरीही आम्हीच तेवढे अवास्तव!

चार हातांचे म्हणाल तर युरोपच्या चर्चमधून थोडे डोळे उघडे ठेवून हिंडावे. सहा पंखांचे देवदूत आहेत. चार शुभवर्तमानकारांपैकी मार्क सिंह होऊन येतो, लूक बैल होऊन, योहान गरुड होऊन. संत लुसी आपलेच डोळे तबकात घेऊन उभी असते. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात (१५३६-४१) संत बार्थोलोम्यू आपली सोललेली कातडी हातात घेऊन बसला आहे. याच मायकेलअँजेलोच्या मोशेच्या डोक्यावर दोन शिंगे आहेत, कारण किरण आणि शिंग असे दोन्ही अर्थ सुचविणारा मूळ हिब्रू शब्द संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात शिंग होऊन आला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य दाखविण्यासाठी एकाच मस्तकाला तीन मुखे काढण्याची पद्धत मध्ययुगात रूढ होती. फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल सार्तोसारख्या श्रेष्ठ चित्रकारानेही ती वापरली. पुढे १६२८ मध्ये पोप आठवा अर्बन याने या त्रिमुखी चित्रांवर बंदी आणली. म्हणजे युरोपने अनेक मुखे काढली, भक्तीने काढली आणि नंतर स्वतःच ती मिटविली. त्यानंतर दोन-अडीच शतकांनी त्यांचेच वंशज आमच्या देवतांची मुखे मोजावयास आले.

मग ही मोजपट्टी आली कोठून? तिचा उगम शोधावयाचा तर जॉर्जो वासारीपर्यंत जावे लागते. १५५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्रग्रंथात त्याने इटलीच्या चित्रकलेचा इतिहास निसर्गाच्या अधिकाधिक हुबेहूब अनुकरणाचा, म्हणजे एका प्रगतीचा, इतिहास म्हणून सांगितला. पुढच्या कला अकादमींनी त्यातील अर्थाची बाजू सैल केली आणि कौशल्याची बाजू घट्ट धरली. शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश. तंत्र उरले आणि मंत्र गेला. हेच उरलेले तंत्र एकोणिसाव्या शतकात जहाजात घालून वसाहतींत पाठविण्यात आले. मुंबईला जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि आमची मुले प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून नाक-डोळे गिरवू लागली. ती व्यवस्था वाईटच होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने हात तयार केले. परंतु मूळ वृक्ष न देता केवळ फांदी देण्यात आली आणि हाच वृक्ष, असे सांगण्यात आले.

त्या मोजपट्टीचा सर्वांत प्रसिद्ध धनी आमच्याच मातीत जन्मला होता. सर जॉर्ज बर्डवुड, जन्म बेळगाव, १८३२. मुंबईत त्यांनी दीर्घकाळ काम केले, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, भारतीय कारागिरीवर त्यांचे मनापासून प्रेम होते. आणि याच गृहस्थांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात पुराणातील देवतांची विचित्र रूपे उच्च कलेला अयोग्य ठरविली. १९१० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये जावा बेटावरील ध्यानस्थ बुद्धमूर्तीला त्यांनी चक्क उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्याचा निषेध करणारे पत्र ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले, त्याखाली विल्यम रोदेनस्टाईन यांच्यासह तेरा जणांच्या स्वाक्षऱ्या होत्या. इंग्रजांचा निषेध इंग्रजच करीत होते! ज्या देशातील चर्चमध्ये आपल्या छातीचे रक्त पिलांना पाजणारा पेलिकन पक्षी ख्रिस्त म्हणून कोरला जातो, त्या देशातील विद्वानाला मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ कळू नये, याचे कारण त्याची दृष्टी युरोपीय होती, हे नव्हे. त्याची दृष्टी युरोपीय राहिलीच नव्हती, हे आहे.

यानंतर दुसरी लाट आली, ती अधिक गोड आणि म्हणून अधिक घातक. १९१४ मध्ये क्लाइव्ह बेल या इंग्रज समीक्षकाने असे प्रतिपादन केले की, कलाकृतीचा आस्वाद घेण्यासाठी जीवनातील कोणतेही ज्ञान सोबत आणण्याची आवश्यकता नाही. रेषा, रंग आणि आकार यांचे संबंध पुरेसे आहेत. पहिल्या मोजपट्टीने प्रतीकाला ‘अवास्तव’ म्हणून बाद केले होते, दुसरीने ‘अवांतर’ म्हणून बाद केले. आमच्या आधुनिक समीक्षकांनी ही दुसरीही तितक्याच तत्परतेने उचलली. त्यांच्या लेखनात ‘अवकाश’, ‘पोत’, ‘आकृतिबंध’ हे शब्द सापडतील. चित्रातील बाई कोण आहे, एवढे मात्र सापडणार नाही. आणि ज्या आधुनिकांच्या नावाने हा उद्योग चालतो, ते स्वतः काय करीत होते? एदुआर मानेचे ‘हिरवळीवरील भोजन’ हे १८६३ चे चित्र आधुनिक कलेचा आरंभ मानले जाते. त्यातील गवतावर बसलेल्या तिघांची मांडणी राफाएलच्या रेखनावरून मार्कान्तोनियोने कोरलेल्या एका मुद्राचित्रातून घेतली आहे. ती मांडणी त्याहूनही मागे, रोमन काळातील दगडी शवपेटीवरील शिल्पापर्यंत पोहोचते. पिकासोच्या ‘गेर्निका’त (१९३७) मेलेले मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे. ती कोणाची लेक आहे, हे सांगावयास चर्चमधील मेरीकडेच जावे लागते.

युरोपात हे ज्ञान जतन करणारे होते, हेही नमूद केले पाहिजे. हॅम्बुर्गच्या आबी वारबुर्ग यांनी सराफी पेढीवरील आपला हक्क बाजूला ठेवून आयुष्य ग्रंथसंग्रहात घालविले. प्राचीन ग्रीक-रोमन मुद्रा आणि हावभाव शतकानुशतके कसे फिरून येतात, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या निधनानंतर, नाझी सत्तेवर येताच, १९३३ च्या डिसेंबरात सुमारे ६०,००० ग्रंथांचा हा संग्रह बोटींवर चढवून लंडनला न्यावा लागला. एर्विन पानोफ्स्की यांना ते ज्यू असल्यामुळे त्याच वर्षी हॅम्बुर्ग विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. पुढे अमेरिकेत १९३९ मध्ये त्यांनी प्रतिमांच्या अर्थमीमांसेवरील आपला पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. वंशशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्यांनी आपल्याच संस्कृतीचे सर्वोत्तम वाचक हाकलून दिले.

मात्र प्रतीके वाचावयाची म्हणजे वाटेल ते वाचावयाचे नव्हे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचे १४३४ चे आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र आहे. हातात हात, झुंबरात एकच जळती मेणबत्ती, पायाशी कुत्रा, काढून ठेवलेल्या खडावा, मागे गोल आरसा. पानोफ्स्की यांनी १९३४ मध्ये सांगितले की, हे विवाहाचे चित्रमय प्रमाणपत्र आहे. कुत्रा निष्ठेचा, मेणबत्ती सर्वसाक्षी ईश्वराची. कित्येक वर्षे जगाने हे मान्य केले. पुढे १९९० च्या दशकात कागदपत्र सापडले की, ज्या आर्नोल्फिनीचे हे चित्र मानले जात होते, त्याचा तो विवाह १४४७ मध्ये, म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी झाला. २००३ मध्ये मार्गारेट कॉस्टर या अभ्यासिकेने वेगळेच सुचविले: ही स्त्री त्याची दिवंगत पहिली पत्नी असावी, मेणबत्ती जळते आहे ती त्याच्या बाजूला, तिच्या बाजूची विझली आहे. अंतिम निर्णय झालेला नाही. पण हा वाद कागद, तारखा आणि चित्रातील पुरावे यांच्या आधारे चालला आहे, हे महत्त्वाचे. आपल्याकडे प्रत्येक टिळ्यात आणि प्रत्येक घंटेत आधुनिक विज्ञान शोधून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविणाऱ्या उत्साही मंडळींनी यातून थोडे घ्यावे. असो.

आणि आपल्या मंडळींविषयी निघालेच आहे, तर आणखी एक स्पष्ट बोलले पाहिजे. ‘पाश्चात्त्यांची कला भोगवादी, देहवादी, आपली तेवढी आध्यात्मिक’, असे आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा बोलले जाते आणि टाळ्याही पडतात. हे विधान म्हणजे बर्डवुड साहेबांच्या सिद्धान्तालाच घातलेला भगवा अंगरखा आहे. त्यांनीही युरोपला वास्तव दिले आणि आम्हाला कल्पना दिली. आम्ही फक्त गुणांची अदलाबदल केली, वाटणी तीच ठेवली. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी हार्मन स्टेनवाइकचे साधारण १६४० चे चित्र पाहावे. टेबलावर कवटी, बासरी, ग्रंथ, दूरच्या समुद्रातील शंख, जपानी तलवार आणि नुकताच विझलेला दिवा. हॉलंडच्या कंपनीची जहाजे तेव्हा पूर्वेची संपत्ती लुटून भरभरून आणीत होती. त्या संपत्तीच्या मध्यावर हा चित्रकार कवटी ठेवतो. वैराग्याची शिकवण देणाऱ्या अशा चित्रांचा हॉलंडमध्ये एक स्वतंत्र प्रकारच होता आणि धनवान व्यापारी ती विकत घेऊन घरात लावीत. याला भोगवाद म्हणावयाचे तर भर्तृहरीलाही तोच आरोप लावावा लागेल.

आनंद कुमारस्वामी हे कार्य शंभर वर्षांपूर्वी करीत होते. १९१७ पासून बोस्टनच्या संग्रहालयात बसून त्यांनी नटराजाचा अर्थ पाश्चात्त्यांना सांगितला, हे आपणांस ठाऊक असते. परंतु १९३४ च्या ग्रंथात भारतीय शिल्पशास्त्राच्या शेजारी त्यांनी जर्मन ख्रिस्ती साधक एकहार्ट यांना बसविले आणि मध्ययुगीन युरोप व भारत यांची कलादृष्टी मूलतः एकच होती, असे दाखविले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. वाट चुकली ती पूर्व-पश्चिमेची नव्हे. कलेला अर्थ असतो, हे मानणारे आणि न मानणारे अशी ती फाळणी आहे.

ही निरक्षरता संग्रहालयाच्या दारात थांबत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीवरून देशात चर्चा झाली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पुढाकाराने न्यायाधीशांच्या ग्रंथालयात बसविलेल्या या साडीतील मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हातात तलवारीऐवजी राज्यघटना आहे. कोणी वसाहतवादाची खूण गेली म्हणून आनंद व्यक्त केला, कोणी निष्पक्षपाताचे चिन्ह गेले म्हणून खेद केला. वकिलांच्या संघटनेने आपणांस विचारले नाही, अशी तक्रार केली. ती पट्टी मुळात कोणी आणि का बांधली, याची चर्चा मात्र वृत्तपत्रांतून क्वचितच दिसली. प्राचीन रोमच्या न्यायदेवतेला पट्टी नव्हती. ती प्रथम ठळकपणे दिसते १४९४ मध्ये बाझल येथे छापलेल्या, सेबास्टियन ब्रांटच्या मूर्खांवरील उपहासग्रंथातील एका काष्ठचित्रात, आणि तेथे ती बांधणारा इसम टोपी घातलेला विदूषक आहे. क्षुल्लक कारणांवरून खटले लढविणाऱ्यांनी न्यायाला आंधळे केले, ही ती थट्टा. पन्नास वर्षांच्या आत तीच पट्टी सद्‌गुण झाली. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात भर रस्त्यातील कारंज्यावर १५४३ मध्ये उभारलेली न्यायदेवता डोळ्यांवर पट्टी बांधून, हातात तलवार आणि तराजू घेऊन उभी आहे. तिच्या पायांशी पोप, सम्राट, सुलतान आणि खुद्द बर्नचा नगराध्यक्ष असे चौघे डोळे मिटून बसले आहेत.